चार एकतीसचा फोटो

बुधरी हिचामीची डावी बाजू उजवीपेक्षा जुनी आहे, असं हिरडीटोल्यात गमतीनं म्हणतात. लुगडं डाव्या कमरेवर आधी विरतं, चालताना पाऊल डावीकडे किंचित झुकतं, आणि नुसती उभी असली तरी डावा हात कोपरात वाकलेला, जणू त्यावर कोणी बसलंय. यात नवल काही नाही. वयाच्या सहाव्या वर्षापासून त्या कमरेवर कोणी ना कोणी बसलेलंच आहे, आणि आता बाई अठ्ठावन्नच्या झाल्या.

पहिला बसला तो तिचा धाकटा भाऊ लालसू. आई बिडीसाठीचा तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेली आणि जाताना लालसूला बुधरीच्या कमरेवर देऊन गेली. ते पंधरा-वीस दिवस संपले तोवर धानाची रोवणी आली, रोवणी झाली तोवर कापणी आली. मास्तरांनी हजेरीतून बुधरीचं नाव काढून टाकलं. लालसू त्या कमरेवरून उतरला, शाळेत गेला, दहावी झाला आणि आज गावाच्या ग्रामसभेचा अध्यक्ष आहे. बुधरीला सही येते आणि घड्याळ कळतं. वाचायचं म्हटलं की ती कागद दुसऱ्याच्या हातात देते, आणि देताना दर वेळी तिचा जीव थोडा जळतो.

सव्वीस वर्षांपासून ती गावच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. मदतनीस हा शब्दही भारी फसवा. पाणी ती भरते, झाडू ती मारते, खिचडी ती शिजवते, शेंबडी नाकं ती पुसते. मग इथं मदत नेमकी कोण कुणाला करतं, हे ज्यानं हे पद काढलं त्याला विचारलं पाहिजे. गावची पोरं तिला ‘काको’ म्हणतात, म्हणजे आजी. अंगणवाडीची किल्ली सव्वीस वर्षं तिच्याच पदराच्या टोकाला बांधलेली असते.

आता हिरडीटोल्याचं घड्याळ समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढचं भांडण कळायचं नाही. चैत्र सरत आला की या गावात पहाट चार वाजता होते. तेंदूचं पान थंड वेळेला तोडावं लागतं. ऊन चढलं की पान मलूल होतं आणि माणूसही. म्हणून चारला निघायचं, दहा-अकरापर्यंत गठुडं डोक्यावर घेऊन परतायचं, दुपारभर सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधायचे आणि संध्याकाळी संकलन केंद्रावर नेऊन मोजून द्यायचे. हे दोन आठवडे घरात धडधाकट माणूस म्हणून कोणी उरत नाही. पूर्वी बाया तान्ही पोरंही सोबत न्यायच्या आणि झाडाला लुगड्याची झोळी बांधून निजवायच्या. पण हल्ली नाल्याच्या वाळूत दिवसाआड वाघाची पावलं दिसतात, आणि गेल्या साली सोमारीच्या पोराच्या झोळीजवळून अस्वल गेलं, अगदी हातभर अंतरावरून. तेव्हापासून पोरं घरी. आणि घरी त्यांना पाहायला कोण? तर आठ-नऊ वर्षांची पोरगी. एप्रिल महिन्यात या वयाच्या पोरी हिरडीटोल्याच्या शाळेत दिसत नाहीत. त्या दारात दिसतात, कमरेवर कोणाला तरी घेऊन.

अंगणवाडी मात्र तिथंच, गावाच्या मधोमध. पक्की इमारत, भिंतीवर हिरवा पोपट, आत पंखा. ती उघडते आठ वाजता. आठ वाजता हिरडीटोल्याच्या आया जंगलात चार तास काम करून बसलेल्या असतात.

त्याच भिंतीवर पोपटाच्या शेजारी सरकारी पोस्टर आहे. खांद्याला पर्स लावलेली एक हसरी बाई आपलं गुटगुटीत बाळ दुसऱ्या हसऱ्या बाईच्या हाती देते आहे आणि खाली लिहिलंय, नोकरदार मातांच्या बाळांसाठी पाळणाघर. ते वाचून लालसूनं मागच्या वर्षी गावातर्फे रीतसर अर्ज केला. अर्जात एक रकाना होता, आईच्या कामाचं ठिकाण. लालसूनं खरं ते लिहिलं, जंगल. तीन महिन्यांनी अर्ज परत आला. त्या शब्दाखाली लाल रेघ आणि बाजूला शेरा : कार्यालयाचा पूर्ण पत्ता व कार्यालयप्रमुखाचा दाखला जोडावा. ग्रामसभेत हा शेरा मोठ्यानं वाचला तेव्हा लोक पोट धरून हसले. लालसू स्वतःही हसला. बुधरी तेवढी हसली नाही.

यंदा गोष्ट तिच्या घरात आली. तिच्या लेकीची लेक स्वाती, तिसरीत शिकणारी, वर्गात पहिली येणारी. पानं सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी ती सहज बोलली, “काको, मी पेपरले नाई जात. बाबूले कोण पाहीन?” बाबू तिचा दीड वर्षांचा भाऊ. घरात मीठ संपलंय हे सांगावं, तसं तिनं ते सांगितलं. ना रडणं ना तक्रार. बुधरीला त्याचाच राग आला. पोर रडली असती तर समजूत घालता आली असती. न रडणाऱ्या पोरीची काय समजूत घालायची? तिला बावन्न वर्षांपूर्वीची स्वतःची कमर आठवली.

“तू पेपरले जाशीन,” ती म्हणाली. “बाबूचं मी पायतो.”

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला तिनं अंगणवाडीचं कुलूप काढलं, सतरंजी घातली आणि बाबूला निजवलं. परवानगी कोणाची घेतली? कोणाचीच नाही. जाता जाता सोमारीनं उघडं दार पाहिलं आणि न विचारता आपलं पोर बाबूशेजारी ठेवून दिलं. पाचव्या दिवशी सतरंजीवर चौदा पोरं झाली, आणि शाळेत तिसरी-चौथीच्या वर्गांत इतक्या पोरी पाहून मास्तर चकित झाले.

अंगणवाडीची सेविका रंजीता गावातलीच. तीही पहाटे पानं तोडायला जायची आणि साडेसातला धावतपळत येऊन, हातपाय धुऊन, आठला सेविका व्हायची. जंगलात हरवू नये म्हणून फोन ती बुधरीपाशी ठेवून जाई. रोज हजर पोरांचा फोटो काढायचा आणि पाण्याच्या टाकीवर चढून तो वर पाठवायचा, हे सेविकेचं काम. गावात फोनला रेंज मिळते ती फक्त त्या टाकीवर.

सहाव्या दिवशी बुधरीच्या मनात आलं, आठला येणारी पोरं फोटोत मोजली जातात, मग चारला येणारी काऊन नाही? काम केलं ते दाखवायला काय लाज? दुसरी कोणी हुशार बाई असती तर तिनं चोरून उघडलेल्या दाराचा पुरावा स्वतःच्या हातानं सरकारला पाठवला नसता. पण लपवण्यासारखं आपण काही करतोय, हे बुधरीच्या डोक्यातच नव्हतं. तिनं टॉर्च खिडकीत टेकवली आणि रंजीता दाबते तेच बटण दाबलं. चौदा पोरं ओळीनं निजलेली. फोटोच्या कोपऱ्यात वेळ आपोआप उमटली, चार एकतीस. साडेसातला रंजीता आली आणि टाकीवर चढून आदल्या दिवशीच्या फोटोबरोबर तोही न पाहताच पाठवून मोकळी झाली.

तालुक्याच्या ऑफिसात तो फोटो कोणी आधी पाहिला कोण जाणे. अंधारी खोली, ओळीनं आडवी पोरं, डोळे मिटलेले, उशाशी एक गंज, म्हणजे मोठं पातेलं. कोणीतरी ग्रुपवर लिहिलं, हे काय झालं? फोन लावले तर लागेनात. दुसऱ्यानं लिहिलं, खिचडीतून काही झालं का? आणि नऊ वाजेपर्यंत त्या फोटोचं ‘चौदा बालके बेशुद्ध’ होऊन गेलं.

साडेनऊला हिरडीटोल्यात आधी ॲम्ब्युलन्स शिरली आणि तिच्यामागे धुरळा उडवत सरकारी जीप. सायरन असा की झाडावरचे कावळे उडाले. डॉक्टर सलाइनचा स्टँड घेऊन उतरले, जीपमधून बालविकासचे साहेब उतरले आणि त्यांच्यामागे पर्यवेक्षिका दीपिका मॅडम, रडवेल्या तोंडानं. सगळे धावत आत घुसले. आत चौदा पोरं मांडी घालून खिचडी खात होती. सोमारीच्या पोरानं तर सलाइनचा स्टँड पाहून टाळ्याच वाजवल्या.

दीपिका मॅडम भिंतीला टेकून मटकन खाली बसल्या. बाई मूळच्या नागभीडच्या. त्यांचं तीन वर्षांचं पोर तिथं सासूजवळ असतं, आणि वाटभर त्यांना त्या चौदांत आपलंच पोर दिसत होतं. साहेबांनाही सुटल्यासारखं वाटलं. पण अधिकाऱ्याला सुटल्यासारखं वाटलं की पाठोपाठ राग येतो, तसा त्यांना आला.

“हा फोटो कोणी काढला?”

“मी,” बुधरी म्हणाली.

“पहाटे साडेचारला अंगणवाडी उघडी कशी?”

“मी उघडली.”

“कोणाच्या परवानगीनं? उद्या काही झालं असतं तर जबाबदार कोण?”

“साहेब, तुमचं दार आठले उघडते अन् पान चारले उठते. मधातले चार तास पोरं कुठी ठेवाचे? घरी आठ वर्षाची पोरगी पायते तवा जबाबदार कोण असते, ते बी सांगा.”

साहेबांनी ते ऐकलं नसल्यासारखं केलं. माणूस वाईट नव्हता. नियमाच्या पुस्तकाबाहेर पाय ठेवायची त्याला सवय नव्हती, एवढंच. त्यांनी मॅडमकडून कोरा कागद घेतला आणि त्यावर चार ओळी लिहिल्या. माझी चूक झाली, यापुढे ठरलेल्या वेळेआधी केंद्र उघडणार नाही, क्षमा असावी. “सही करा आणि किल्ली द्या. यापुढे रंजीताताई आठला येऊन उघडतील.”

एव्हाना सायरन ऐकून जंगलातल्या बाया धावत गावात आल्या होत्या. कोणाच्या पायात काटा, कोणाची ओंजळ अजून डिकानं चिकट. तोडलेली पानं जागीच टाकून आलेल्या. आधी जिनं तिनं आपलं पोर छातीशी धरून हुंदका दिला, आणि मग ऐकलं काय चाललंय ते.

उद्या स्वातीचा गणिताचा पेपर होता. किल्ली गेली की उद्या ती दारात उभी राहणार, कमरेवर बाबू. आणि एकदा दारात उभी राहिलेली पोरगी पुन्हा वर्गात जातेच असं नाही, हे बुधरीला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं कागद रंजीताकडून वाचून घेतला.

“सही मी करतो, साहेब. पण चूक झाली असं नाई लिवाचं. उघडली होती असं लिवा. उद्या बी उघडीन असं लिवा. आता करतो सही.”

“हे चालणार नाही. सही करणार नसाल तर आत्तापासून तुम्ही कामावर नाही.”

“बरं,” बुधरी म्हणाली. तिनं पदराची गाठ सोडली, किल्ली साहेबांच्या तळहातावर ठेवली, बाहेर गेली आणि मोहाच्या झाडाखालच्या दगडावर जाऊन बसली.

मग सोमारी पुढं झाली. ही बाई ग्रामसभेतही कोणाचं ऐकत नाही. तिनं आपलं पोर उचललं आणि साहेबांच्या हातात दिलं.

“पकडा. पान उन्हात पडून आहे, वाळलं त आमचा दिस गेला. आमी निघतो.”

“अहो, असं कसं? बाई!”

“किल्ली तुमच्यापाशी आहे ना? मंग पोरं बी तुमच्यापाशीच.”

एकेक बाई आली, आपलं पोर सतरंजीवर ठेवलं आणि वळली. रंजीतानं क्षणभर इकडे तिकडे पाहिलं. मग तिनंही फोन मॅडमच्या हाती दिला, पदर खोचला आणि बायांमागोमाग जंगलाची वाट धरली. नोकरी जायची भीती तिला होती. पण आज मागं राहिलो तर उद्या या बायांना तोंड दाखवता येणार नाही, ही भीती मोठी निघाली.

“कुठं निघाल्या सगळ्या?” साहेब ओरडले.

झाडाखालून बुधरीनं उत्तर दिलं. “ऑफिसले गेल्या. मागच्या साली पत्ता पाह्यजे होता ना तुमाले? या वाटेनं सरळ जा, नाल्याच्या पल्याड आहे.”

पुढचे दोन तास तालुक्याच्या इतिहासात कुठे लिहिले जायचे नाहीत, म्हणून इथं लिहून ठेवतो. आई गेलेली पाहून आधी एक पोर रडलं, मग चौदाही रडली. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप कानाला लावून करमणूक केली, तो एकानं तोंडात घातला. एकानं सतरंजी ओली केली, दुसऱ्यानं त्यातच बसून खिचडी मागितली. बाबू साहेबांच्या कडेवर चढला तो उतरेचना. त्यानं त्यांच्या खिशातला पेन काढला आणि त्यांच्या शर्टावर बराच अभ्यास केला. जीपचा ड्रायव्हर बिरजू तेवढा कामाचा निघाला. दोन पोरींचा बाप तो, एकाच वेळी दोघांना निजवू शकत होता.

“बाई, हे गप होत नाही हो, काय करू?” साहेबांनी दारातून विचारलं.

“मी कामावर नाई, साहेब.”

तोंडानं बोलली खरी, पण तिथं नुसतं बसून राहणं हे तिच्या आयुष्यातलं सगळ्यात जड काम होतं. प्रत्येक रडण्यासरशी तिचा डावा हात आपोआप वाकत होता. सोमारीचं पोर दारातून निसटून हातपंपाच्या खड्ड्याकडे धावलं तेव्हा ती ताडकन उठली, चार पावलं पळालीही. बिरजूनं पोराला धरलं तेव्हा ती थांबली, तिथंच उभी राहून डोळे पुसले आणि पुन्हा दगडावर जाऊन बसली. दीपिका मॅडमनी ते पाहिलं.

“सर,” त्या हळूच म्हणाल्या, “माझ्या पोराला सासूबाई बघतात, म्हणून मी इथं उभी आहे. सासूबाईंनी उद्या दार लावून घेतलं तर माझी नोकरी संपली. यांचं दार आपण लावतोय.”

साहेबांनी शर्टाकडे पाहिलं, बाबूकडे पाहिलं. साडेअकरा वाजून गेले होते. ते बाहेर आले आणि किल्ली पुढं केली. “घ्या. उघडा उद्यापासून चारला. मी काही बोलणार नाही.”

“तसं नाई. तुमी बोलत नाई, उद्या दुसरे साहेब येऊन बोलतीन. लिहून द्या.”

“लिहून द्यायचा अधिकार मला नाही, बाई.”

“दार बंद कराचा होता,” बुधरी म्हणाली, “अन् उघडाचा नाई?”

साहेबांचा हात खिशाकडे गेला. पेन बाबूच्या मुठीत होता, तो सोडवून घ्यायला वेळ लागला. मग त्याच माफीच्या कागदाच्या मागच्या बाजूला त्यांनी उभ्या उभ्या लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली. बुधरीनं कागद हातात घेतला आणि नेहमीसारखी कोणाच्या तरी हाती द्यायला वळली, तर समोर स्वाती उभी. पेपर संपवून आलेली, बोटं शाईनं भरलेली.

“वाच,” बुधरी म्हणाली.

स्वातीनं बोट ठेवून वाचलं. “तेंदूपत्ता हंगामात... हिरडीटोला येथील अंगणवाडी... पहाटे चार वाजता उघडण्यास... तात्पुरती परवानगी देण्यात येत आहे. मदतनीस बुधरी हिचामी या... कामावर आहेत.” ती थांबली. “काको, तात्पुरती म्हंजे?”

“थोड्या दिवसांसाठी,” साहेबांनी सांगितलं.

“पान बी थोड्याच दिवसाचं असते,” बुधरी म्हणाली. “रोवणीच्या टायमाले दुसरा कागद लिवा. तुमी नाई आले त आमी येऊ तिकडे. पोरं घेऊन.”

तिनं बाबूला साहेबांच्या कडेवरून उतरवून आपल्या डाव्या कमरेवर घेतलं, किल्ली पदराला बांधली आणि आत जाऊन आधी ओली सतरंजी उचलली. साहेब जाताना तिला जोहार करून गेले. संध्याकाळी लालसूनं त्या कागदाची नक्कल काढून पोस्टरवर चिकटवली, नेमकी त्या पर्सवाल्या बाईच्या शेजारी. चिकटवताना त्यानं विचारलं, “बाई, तुले भेव नाई लागलं?” बुधरी म्हणाली, लागलं होतं. नोकरीचं नाही. स्वाती न रडता बोलली होती, त्याचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला तिनं दार उघडलं. सोळा पोरं आली, दोन शेजारच्या टोल्यावरची. सगळी पेंगली तशी तिनं रंजीताचा फोन घेतला. मग थोडा विचार केला आणि जाता जाता पोर ठेवायला आलेल्या सोमारीला म्हणाली, “तू काढ फोटो.” स्वतः पोरांच्या मधोमध जाऊन बसली, टॉर्च आपल्या तोंडावर धरली आणि डोळे टक्क उघडे ठेवून थेट फोनकडे पाहिलं.

तो फोटो आजही वरच्या ऑफिसात कुठंतरी असेल. चार पस्तीसचा. सोळा पोरं निजलेली आहेत आणि त्यांच्यापाशी एक बाई जागी आहे.